खुब्यातली अडवणूक

तिशीच्या आतल्या माणसाचा खुबा का झिजावा, याचं उत्तर डॉक्टरांकडे बराच काळ नव्हतं. पडझड नाही, संधिवात नाही, तरी जांघेत कळ येते. उकिडवं बसलं की ती वाढते.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन राइनहोल्ड गांझ यांनी सांधा उघडून पाहिला. हे सोपं नव्हतं. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीतून पूर्ण बाहेर काढताना त्याला रक्त पुरवणारी धमनी दुखावली, तर हाडच मरतं. त्यांच्या चमूने या धमनीचा मार्ग नेमका शोधला, तिला जपणारी पद्धत बसवली आणि २००१ मध्ये २१३ खुब्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. एकाही खुब्यात माथ्याचं हाड मेलं नव्हतं.

आता दोष दिसू लागला. काहींच्या माथ्याला, मानेशी जुळतो तिथे, हाडाचा उंचवटा असतो. गुडघा छातीशी आणून पाय आत वळवला की तो खोबणीत घुसतो आणि आतली कूर्चा हाडापासून सोलून काढतो. याला ‘कॅम’ म्हणतात. ‘पिन्सर’ प्रकारात खोबणीची कडाच जास्त पुढे आलेली असते. दोन्हींत चेंगरतं ते कडेचं लॅब्रम. कूर्चेचं हे लवचिक कडं सांध्यातलं वंगण आत कोंडून ठेवतं. ते फाटलं की ही पकड सैल होते.

उंचवटा बहुतेकदा जन्मजात नसतो. वाढीचं वय सुरू असताना फुटबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी जोरात खेळणाऱ्या मुलांत तो अधिक आढळतो. वाढपट्टीवर सतत ताण आला की तिथे जास्तीचं हाड धरतं.

मात्र एमआरआयच्या अहवालात ‘लॅब्रल टेअर’ वाचून लगेच घाबरू नये. २०१२ साली अमेरिकेत खुब्याची काहीच तक्रार नसलेल्या ४५ जणांचं स्कॅनिंग झालं. ६९ टक्के खुब्यांत लॅब्रम फाटलेलं निघालं! म्हणूनच २०१६ मध्ये वॉरिक इथे तज्ज्ञांनी ठरवलं, की त्रास, तपासणीतली लक्षणं आणि प्रतिमा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच खुब्यातल्या या अडवणुकीचं निदान करायचं. नुसत्या फिल्मवरून शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्यांना हा नियम ऐकवायला हरकत नाही.

दुर्बिणीतून उंचवटा तासता येतो, लॅब्रम शिवता येतं. फायदा किती? ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांना फिजिओथेरपिस्टने नेमून दिलेला व्यायाम. १०० पैकी गुण देणाऱ्या प्रश्नावलीत वर्षभराने शस्त्रक्रियेचा गट सरासरी ५८.८ वर होता, व्यायामाचा ४९.७ वर. सुरुवातीचा फरक धरून हिशेब केला, तर अंतर ६.८ गुणांचं उरतं. शस्त्रक्रिया सरस, हे मान्य. पण व्यायाम केलेलेही सुधारले होते, तेही सहा ते दहा भेटींत. त्यामुळे व्यायाम आधी नीट करून पाहावा आणि मगच ऑपरेशन थिएटरकडे वळावं, असं मला वाटतं.