पालेभाजी शिजवताना काय जाते, काय मिळते?

परसबागेत पालक, मेथी, माठ आपण घरच्या खाण्यासाठी लावतो. पण अनेक घरांत भाजी आधी बारीक चिरतात, मग धुतात, भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी मोरीत ओततात. पिकवलेल्या भाजीचा बराच कस तिथेच जातो.

जीवनसत्त्व क आणि फोलेट पाण्यात विरघळतात, उष्णतेनेही कमी होतात. कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे सुमारे २८ मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असते. उकळून निथळलेल्या तेवढ्याच पालकात १० मिलिग्रॅमच्या आसपास उरते. पाणी हिरवे झाले नाही म्हणून काही गेले नाही असे समजू नका, जीवनसत्त्व क ला रंग नसतो. भाजी आधी अख्खी धुवा, मग चिरा. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवा. रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालू नका. त्याने जीवनसत्त्व क आणि ब-१ दोन्ही नष्ट होतात.

मग कच्चीच खावी का? तसे नाही. पालेभाजी आणि गाजरातील बीटा-कॅरोटीन, टोमॅटोतील लायकोपीन हे घटक शिजवल्यावर पेशी मऊ होऊन मोकळे होतात. शरीरात शोषले जाण्यासाठी त्यांना थोडे तेल लागते. म्हणजे आपली फोडणी केवळ चवीसाठी नाही.

पाणी टाकण्यालाही एक अपवाद आहे. पालक आणि माठात ऑक्झलेट जास्त असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते. उकळल्यावर त्यातील विरघळणारा भाग पाण्यात उतरतो, म्हणून ऑक्झलेटचा मूतखडा असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पालक उकळून पाणी काढलेले बरे. मेथीत ऑक्झलेट त्या मानाने कमी, तिचे पाणी टाकायचे कारण नाही. अळूने घसा खवखवतो तो त्यातील सुईसारख्या स्फटिकांमुळे. ते नीट शिजवून, चिंच किंवा आमसूल घालूनच खावे.

पालेभाजीतील लोह शरीराला थोडेच लागू पडते. गरोदर महिला आणि किशोरवयीन मुलींना सांगताना कार्यकर्त्यांनी हे आवर्जून सांगावे: भाजी ताटात वाढल्यावर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. लिंबाने लोहाचे शोषण वाढते, चहाने घटते.

काही नुकसान मात्र चुलीवर जाण्याआधीच झालेले असते. कोमेजलेल्या पानांत जीवनसत्त्व क झपाट्याने घटते. काढणी सकाळी लवकर करा, जुड्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि घरची भाजी शक्यतो त्याच दिवशी शिजवा. फवारणी केली असेल तर लेबलवर दिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळा. शिजवल्याने सगळे अवशेष निघून जातात, या भरवशावर राहू नका.