मोहोरबंद लिफाफा आणि वाहिनीची परवानगी

न्यायालयात ज्याच्याविरुद्ध काही मांडावयाचे ते त्यास दाखविले पाहिजे, या तत्त्वाचे समर्थन करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तथापि दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या परवानगीसंबंधीच्या वादांत नेमके हेच तत्त्व अलीकडे कसोटीस लागले. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी ‘माध्यमम् ब्रॉडकास्टिंग’ या प्रकरणी दिलेला निर्णय त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या वादाचे मूळ परवाना-व्यवस्थेच्या रचनेत आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ‘क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल’ खटल्यात न्या. पी. बी. सावंत व त्यांच्या सहकारी न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली आणि त्यांचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे, असे सांगितले. खाजगी वाहिन्यांना परवानगी देणारे तसे प्राधिकरण मात्र झाले नाही. २००४ पासून ‘ट्राय’कडे आले ते दर व वितरण यांचे नियमन, परवानगी मंत्रालयाकडेच राहिली. उपग्रहामार्फत कार्यक्रम पाठविण्याची, म्हणजे अपलिंकिंगची, परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देते आणि गृहमंत्रालयाची सुरक्षा-अनुमती ही तिची एक अट असते. परवानगी देणारे खाते एक आणि ती नाकारण्याचे कारण जाणणारे खाते दुसरे, अशी ही स्थिती आहे. पहिल्या खात्यास पुष्कळदा स्वतःच्याच आदेशाचे कारण सांगता येत नाही.

‘मीडियावन’ या मल्याळम वृत्तवाहिनीस २०११ मध्ये दहा वर्षांची परवानगी मिळाली होती. नूतनीकरणाच्या वेळी, २९ डिसेंबर २०२१ रोजी, गृहमंत्रालयाने अनुमती नाकारली. त्यानंतरच्या ‘कारणे दाखवा’ नोटिशीत अनुमती नाकारली गेली एवढेच नमूद होते. ती का नाकारली, हे नव्हते. ३१ जानेवारी २०२२ रोजी परवानगी रद्द झाली. केरळ उच्च न्यायालयात सरकारने संबंधित कागद मोहोरबंद लिफाफ्यात सादर केले. एकल न्यायाधीशांनी व नंतर खंडपीठाने ते पाहिले, आणि दोन्ही ठिकाणी वाहिनीची मागणी फेटाळली गेली. प्रश्नाचे स्वरूप व गांभीर्य कागदांवरून नीटसे उमगत नाही, असे खंडपीठानेच नोंदविले, आणि तरीही सुरक्षेला बाधा पोहोचण्याची चिन्हे आहेत, असे म्हटले. अशा स्थितीत वकिलाने युक्तिवाद करावयाचा तो कशाविरुद्ध?

उच्च न्यायालयापुढे आधार होता तो दोन पूर्वनिर्णयांचा. २०१४ च्या ‘एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेस’ प्रकरणात राष्ट्रीय सुरक्षेच्या संदर्भात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे बाजूस ठेवता येतात, असे म्हटले गेले. ७ जानेवारी २०१९ रोजी ‘डिजी केबल’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम करताना त्याचाच अनुवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने हे निर्णय उलटविले नाहीत. त्यांचा अर्थ संकुचित केला. सुरक्षेचे नाव घेताच नैसर्गिक न्याय आपोआप वगळला जातो, असे त्यांत म्हटलेले नाही, असे हे वाचन आहे. प्रक्रियेतील हमी मर्यादित करावयाची असेल तर हेतू वैध असला पाहिजे, त्या हेतूशी उपायाचा संबंध असला पाहिजे, कमी जाचक पर्याय उपलब्ध नसला पाहिजे आणि होणारी हानी प्रमाणाबाहेर नसली पाहिजे. मूलभूत हक्कांच्या आशयास लावली जाणारी ही प्रमाणबद्धतेची कसोटी येथे कार्यपद्धतीस लावली गेली. या निर्णयाचे खरे महत्त्व बहुधा यातच आहे.

न्यायालयाने लिफाफ्यातील मजकुराची चर्चा निकालपत्रात केली. त्यात वाहिनीचा जमाते-इस्लामी हिंदशी असलेला कथित संबंध आणि काही कायद्यांवर व न्यायसंस्थेवर वाहिनीने केलेली टीका यांचा उल्लेख होता. ती संघटना बंदी घातलेली नाही आणि शासकीय धोरणावरील टीका ही राज्यविरोधी कृती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. जे पंधरा महिने वाहिनीपासून दडविले गेले ते प्रसिद्ध निकालपत्रात छापण्याजोगे होते, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाहून अधिक बोलकी आहे. चार आठवड्यांत नूतनीकरण करण्याचा आदेश झाला.

मग खरोखरीच गोपनीय असलेल्या कागदांचे काय? निर्णयाने त्यासाठी लोकहितार्थ गोपनीयतेच्या दाव्याचा मार्ग सांगितला. हा दावा मान्य झाला तर तो कागद खटल्यातूनच वगळला जातो, म्हणजे सरकारलाही त्याचा आधार घेता येत नाही. मोहोरबंद लिफाफ्यात नेमके उलट घडते: कागद एका पक्षास अदृश्य राहतो, पण निर्णयावर त्याचा परिणाम होतो. दाव्याच्या सुनावणीसाठी न्यायमित्र नेमण्याची योजनाही निर्णयात आहे. न्यायमित्राने प्रथम पक्षकाराशी व त्याच्या वकिलाशी बोलून त्याची बाजू समजून घ्यावयाची आणि मग कागद पाहावयाचे. एकदा ते पाहिले की पक्षकाराशी संपर्क नाही. मर्यादा येथेच आहे. कागदातील एखादे विधान तथ्यतः चुकीचे असेल, तर ते खोडणारा पुरावा बहुधा पक्षकाराकडेच असणार, आणि त्याला तो मागण्याची सोय राहत नाही.

शिवाय हा मार्ग स्वीकारण्याची सक्ती किती, हेही पुरते स्थिर झालेले दिसत नाही. विमानतळांवर सेवा पुरविणाऱ्या ‘चेलेबी’ या तुर्की उद्योगसमूहाच्या कंपन्यांची सुरक्षा-अनुमती मे २०२५ मध्ये रद्द झाली. ७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, आणि तेथेही सरकारने मोहोरबंद लिफाफ्यात दिलेली माहिती न्यायालयाने पाहिली होती.