एवढासा ‘भारी’, पण केवढा कामाचा!

चाकणच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांजवळ उभे राहा आणि कान टवकारा. हमालदादा म्हणतात, “गोणी भारी आहे, जरा हात लावा!” व्यापारी एक कांदा बोटांत फिरवून म्हणतात, “माल भारी आहे.” भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, “हे भारी पडतंय राव!” पहिल्यांदा वजन, मग प्रत, मग महागाई. शब्द मात्र एकच!

तिकडे पिंपरीच्या मैदानावर कुणी षटकार ठोकला, की आरोळी उठते, “लय भारी!” हे झालं कौतुक. आणि 1660 साली मुघल सरदार शायिस्ताखानाच्या अफाट फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर मावळ्यांनिशी त्या फौजेला जवळपास 2 महिने भारी पडला, म्हणजे वरचढ ठरला.

मुळात भारी म्हणजे भार असलेला, जड. मग जड ते चांगलं कसं झालं बरं? आजीचा शालू उचलून पाहा. त्यातली जर जेवढी जास्त, तेवढं वजन जास्त आणि किंमतही जास्त. उलट, ज्याची प्रत चांगली नाही तो माल ‘हलका’! संस्कृतातही असंच आहे. ‘गुरु’ म्हणजे जड, आणि गुरु म्हणजे आदरणीयसुद्धा. म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि तुमचे गुरुजी एकाच शब्दाच्या घरातले!

एवढे अर्थ असूनही आपला गोंधळ का उडत नाही? कारण मेंदू शब्दाचा शेजार बघतो. शेजारी ‘गोणी’ आली की वजन, ‘षटकार’ आला की कौतुक. शेजारी कुणीच नसेल, तर तो आवाजाचा चढउतार पकडतो. आनंदात आपल्या स्वरतंतूंवर ताण येतो, ते भराभर कंप पावतात आणि आवाज चढतो. थकल्यावर तोच आवाज खाली येतो.

करून बघा. मित्राला तुमच्याकडे पाठ करून उभं करा. फक्त ‘भारी’ म्हणा: एकदा खुशीत, एकदा दप्तराच्या ओझ्याने दमून, एकदा टोमणा मारत, “भारीच हं!” मित्राला तिन्ही ओळखू येतात का? आता तोच शब्द कागदावर लिहून द्या आणि विचारा, “यातला कुठला?” बिचारा डोकं खाजवेल. कागदावर ना शेजार, ना आवाज! म्हणूनच तर मोबाइलवर एका शब्दाचा निरोप धाडताना ताई पुढे हसरा चेहरा चिकटवते.