जुन्या लहान मोटारीची दीर्घकालीन मालकी : चिंचपाडा (ता. नवापूर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : वापरलेली मोटार, माहितीची विषमता, घसारा, नोंदणीचे हस्तांतरण, देखभाल

प्रस्तावना

चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर तालुक्यातील स्थानक होय. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि येथील वाहनांना एमएच-३९ ही ओळख मिळाली. गाडीच्या वेळेला रेल्वे नवापूर, खांडबारा, नंदुरबार या गावी नेते. परंतु तालुक्यातील पाडे लोहमार्गापासून दूर विखुरलेले आहेत, धुळ्याकडचा रस्ता कोंडाईबारी घाट चढून जातो, आणि रात्री-अपरात्री रुग्णाला दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास वेळापत्रकाचा उपयोग नसतो. अशा ठिकाणी शिक्षक, प्राध्यापक, परिचारिका, लहान व्यापारी यांच्या घरी येणारी पहिली मोटार बहुधा जुनीच असते. ती घेताना किती पैसे वाचले याची चर्चा पुष्कळ होते. ती आठ-दहा वर्षे सांभाळताना काय घडते याची फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचे अर्थशास्त्रीय, यांत्रिक आणि कायदेशीर अंगांनी विवेचन केले आहे.

लहान मोटार आणि तिचा दुसरा मालक

भारतात लहान मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यानंतर. तीन सिलिंडरचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन, हलका सांगाडा आणि सोपी रचना यांमुळे ही गाडी कोठल्याही गावच्या मिस्तरीला उलगडता येऊ लागली. पुढे १९९३ मध्ये झेन, १९९८ मध्ये सँट्रो व इंडिका, १९९९ मध्ये वॅगन आर आणि २००० मध्ये अल्टो आली. नवी गाडी घेणारा शहरातील ग्राहक चार-सहा वर्षांनी ती बदलू लागला, तसा दुसऱ्या मालकाचा वर्ग निर्माण झाला. २००१ मध्ये मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने जुन्या गाड्यांची संघटित विक्री सुरू केली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे या जातीच्या शेवटच्या गाडीचीही पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ मध्ये संपेल. तरीही तिचे सुटे भाग मिळतात आणि ती दुरुस्त करणारे हात गावोगाव आहेत. दुसऱ्या मालकाच्या दृष्टीने गाडीच्या वयापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

माहितीची विषमता

जुन्या मोटारीच्या बाजारावरील सर्वांत प्रसिद्ध निबंध जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधातील विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा मुद्दा साधा आहे. गाडी खरोखर कशी आहे हे विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. म्हणून ग्राहक सरासरी गाडीची किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नसल्याने चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो. उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खालावते आणि ग्राहक आणखी कमी किंमत देऊ लागतो.

या निबंधाचा भारताशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. ॲकरलॉफ यांनी त्यात भारतीय सावकारीचे उदाहरण घेतले आहे आणि बाजारातून आणलेल्या तांदळातील मुद्दाम मिसळलेले खडे वेचून काढणाऱ्या भारतीय गृहिणीचाही उल्लेख केला आहे. नवापूरची तूरडाळ भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. डाळ पारखून घेण्याची रीत येथील ग्राहकाला नव्याने शिकवावी लागत नाही. अडचण एवढीच की डाळ सुपात पसरता येते, इंजिन पसरता येत नाही.

मोठ्या शहरात या विषमतेवर हमीपत्र हा उपाय असतो. लहान गावात ओळख हे काम करते. विकणारा आणि घेणारा एकमेकांना आठवडे बाजारात भेटणार असतात. गाडीचा दोष दडवल्याची बातमी चार दिवसांत गावभर होते. त्यामुळे सहकाऱ्याकडून दोन पैसे जास्त देऊन घेतलेली गाडी दलालाकडून स्वस्तात मिळालेल्या गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. मात्र सुरतेसारखे महानगर जवळ असल्याने या भागातील ग्राहक ओळखीच्या वर्तुळाबाहेरही गाडी पाहतो. तेथे गाडीचा पूर्वेतिहास विशेष काळजीने तपासावा लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने नवापूरलाही तडाखा दिला. बुडालेली मोटार धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण सीटच्या रुळांमधील गाळ, पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टवरील पाण्याची रेषा आणि डॅशबोर्डखालच्या तारांच्या जोडांवरील हिरवट गंज सहसा राहून जातात. किलोमीटरचा आकडा मागे नेता येतो. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांवरचे झिजलेले रबर मात्र त्या आकड्याला खोटे पाडते. टायरच्या बाजूवरील चार अंकही वाचावेत. ‘२३१५’ म्हणजे २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. त्यावर नक्षी कितीही शिल्लक असली तरी रबर म्हातारे झालेले असते.

खर्चाचा हिशेब

पुढील आकडे काल्पनिक असून केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका प्राध्यापकाने जुनी मोटार दीड लाख रुपयांना घेतली, आठ वर्षे वर्षाला ८,००० किलोमीटर चालवली आणि ४०,००० रुपयांना विकली. एकूण अंतर ६४,००० किलोमीटर. घसारा १,१०,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे १ रुपया ७२ पैसे. पेट्रोल लिटरला १०० रुपये व सरासरी १६ किलोमीटर धरल्यास इंधन ६ रुपये २५ पैसे. दुरुस्ती वर्षाला १५,००० रुपये म्हणजे १ रुपया ८८ पैसे. विमा व इतर किरकोळ ६,००० रुपये म्हणजे ७५ पैसे. एकूण सुमारे १० रुपये ६० पैसे. सहा लाखांची नवी गाडी आठ वर्षांनी दोन लाखांना विकली, ती लिटरला २० किलोमीटर चालली, दुरुस्तीस वर्षाला ८,००० व विम्यास १५,००० रुपये लागले, तर हाच खर्च सुमारे १४ रुपये १३ पैसे येतो. त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही.

फरक वर्षाला सुमारे २८,००० रुपयांचा आहे. मध्येच इंजिनाचे ४०,००० रुपयांचे काम निघाले तरी ते किलोमीटरला ६३ पैशांनी वाढते, म्हणजे फरक पुसला जात नाही. ‘एक मोठे काम निघाले की सगळी बचत गेली’ हा समज त्यामुळे अतिरंजित वाटतो. या हिशेबात खरी मेख वापराच्या अंतरात आहे. घसारा हा जवळजवळ स्थिर खर्च असून इंधन अंतराबरोबर वाढते. वर्षाला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला जुनी गाडी निर्विवादपणे परवडते. रोज नंदुरबार गाठून वर्षाला २५,००० किलोमीटर कापणाऱ्याच्या बाबतीत घसाऱ्यातील फायदा बराच आटतो आणि इंधनातील सव्वा रुपयाचा तोटा जाणवू लागतो. गाडी गॅरेजमध्ये उभी असल्याने बुडालेला तास आणि चुकलेली परीक्षेची पर्यवेक्षणाची वेळ यांची किंमत मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज आढळतो. गाडीची विमा-किंमत दरवर्षी उतरते; प्रचलित कोष्टकानुसार एक ते दोन वर्षांच्या गाडीस २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के घसारा धरतात, त्यापुढील किंमत परस्पर संमतीने ठरते. तृतीय पक्षाचा हप्ता मात्र गाडी जुनी झाली म्हणून कमी होत नाही. तसेच दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. पहिल्या मालकाची सवलत गाडीबरोबर दुसऱ्याकडे येत नाही.

परिसर आणि यंत्र

जुनी गाडी कोठे राहते यावर ती कशी जगते हे पुष्कळसे अवलंबून असते. शहादा-नंदुरबारच्या पूर्वभागापेक्षा नवापूरकडे पाऊस अधिक पडतो. चिखल चाकांच्या कमानीत साचतो, तेथे ओल टिकते आणि रंगाखालून गंज सरकत जातो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली बारीक छिद्रे पावसाळ्यापूर्वी काडीने मोकळी करणे हे बिनखर्चाचे काम आहे, आणि बिनखर्चाचे असल्यामुळेच ते राहून जाते.

घाटाचा प्रश्न वेगळा आहे. अनेक जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी भरलेले असते. सपाटीवर त्याने काही बिघडत नाही, म्हणून सवय पडते. पाण्यातील क्षार आणि गंज हळूहळू रेडिएटरच्या नळ्या अरुंद करतात. मग मे महिन्यात चार माणसे आणि सामान घेऊन कोंडाईबारी चढताना तापमानाचा काटा वर जातो. चालक ‘घाट संपेपर्यंत चालेल’ म्हणून पुढे जातो. अल्युमिनियमचे हेड तापून किंचित वाकते, हेडगॅस्केट जाते आणि पाणी तेलात मिसळते. काही शे रुपयांच्या कूलंटची बचत अशी इंजिनाच्या कामापर्यंत पोहोचते. उतारावर उलट चूक होते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवण्याची सवय ब्रेकवर सारा भार टाकते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. वर्षानुवर्षे न बदललेले तेल तापले की त्यातील पाण्याची वाफ होते आणि पायपट्टी एकाएकी पोकळ लागते. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलणे आणि उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहणे, एवढ्याने हा धोका बराच टळतो.

कमी चालणारी गाडी कमी झिजते हेही पूर्ण खरे नाही. स्थानक, शाळा, बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. तेलात ओल राहते, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी पूर्ण भरत नाही. टायमिंग बेल्ट, होजपाइप, वायपर हे रबराचे भाग किलोमीटरांनी नव्हे, वर्षांनी म्हातारे होतात. सुट्टीत महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीस आता इंधनाचीही बाजू विचारात घ्यावी लागते. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाडीतील काही रबरी नळ्या व गॅस्केट त्यासाठी बनवलेल्या नसतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटण्याचा अंदाज दिलेला आहे. इंधनाच्या नळ्या वेळीच बदलणे हा यावरचा व्यवहार्य उपाय होय. नळीतून पाझरणारे पेट्रोल ही हयगय करण्याजोगी गोष्ट नाही.

कागदपत्रे : दुर्लक्षित अंग

यंत्राचा दोष आवाज करतो. कागदाचा दोष मूक असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये विक्रेत्याने, व्यवहार राज्यांतर्गत असल्यास, चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. नमुना २९ व ३० त्यासाठी आहेत; बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. गुजरातेतून आणलेल्या गाडीस नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि कलम ४७ अन्वये बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा कर भरावा लागतो तो वेगळाच. सीमेवरच्या तालुक्यात गाडी दोन्ही राज्यांत सारखीच फिरते, म्हणून हा क्रमांक वर्षानुवर्षे तसाच राहतो. स्वस्तात मिळालेल्या गाडीचा स्वस्तपणा पुष्कळदा या न केलेल्या खर्चातच असतो.

याचे परिणाम किती दूर जातात हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयातून दिसते. २००९ मधील एका अपघाताचे ते प्रकरण होते. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंदणी पुस्तकात पहिल्याच मालकाचे नाव होते. ज्याच्या नावावर नोंदणी तोच कायद्याने मालक, आणि भरपाईचे दायित्व त्याचेच, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताने मालकांची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही, हा त्यामागील विचार होता. तो न्याय्य आहे. परंतु गाडी विकून पैसे खर्चही करून टाकलेल्या माणसाला तो किती महाग पडतो याची कल्पना करता येईल.

पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. त्यासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. वीस वर्षांपुढील गाडीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. ४०,००० रुपयांच्या गाडीवर हा भार लहान नव्हे.

मालकाचे ज्ञान

ॲकरलॉफ यांच्या विवेचनाचे टोक येथे पुन्हा भेटते. आठ वर्षांनंतर आपल्या गाडीविषयी सर्वाधिक माहिती असलेला माणूस तो दुसरा मालकच असतो. थंडीत ती कितव्या सेल्फला सुरू होते, कोणता आवाज निरुपद्रवी आणि कोणता नाही, शेवटची क्लचप्लेट केव्हा बसवली, हे त्याला ठाऊक असते. परंतु हे ज्ञान बाजारात विकता येत नाही. नवा ग्राहक त्याच्या शब्दाला सरासरीचीच किंमत देतो. म्हणूनच नीट सांभाळलेली जुनी गाडी तिच्या मालकाला जितक्या मोलाची असते तितकी दुसऱ्या कोणालाही नसते, आणि ती विकण्याऐवजी आणखी पाच वर्षे ठेवण्याचा निर्णय वरवर भावनिक दिसला तरी हिशेबाने बरोबर ठरू शकतो.

या ज्ञानाचा काही अंश हस्तांतरित करण्याचे एक साधन मात्र आहे. तारीख, किलोमीटर, काम, भाग आणि रक्कम अशा पाच रकान्यांची साधी वही पावत्यांसह ठेवली, तर ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. अशी वही असलेल्या गाडीचा व्यवहार ठरला की ताब्याची तारीख व वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावती आणि नमुना २९ ची पोच त्याच वहीत लावून तिची एक प्रत विक्रेत्याने स्वतःजवळ ठेवावी.