लसीचा वाटखर्च

उसाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे नीरेच्या डाव्या कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात, बारामतीकडच्या माळेगावपासून इंदापूर तालुक्यातील भवानीनगर-सणसरपर्यंत, फडांच्या कडेला आणि कारखान्यांच्या तळांवर कोप्यांची वस्ती उभी राहते. बीड-नगरकडून मुकादमाची उचल घेऊन आलेली जोडपी पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात शिरतात, आणि कोपीत मागे राहते एखादी थकलेली आजी, आठ-नऊ वर्षांची पोर आणि त्या पोरीच्या कडेवरचे धाकटे भावंड. उन्हे वर आली की उपकेंद्राची नर्सबाई खांद्याला लसीचा डबा अडकवून तेथे येते, सोबत आशाताई असते. पहिला प्रश्न कार्डाचा; पण कार्ड गावाकडे, पत्र्याच्या पेटीत. "टोचलंय की बाई, दंडाला अन् मांडीला," एवढेच आजीला ठाऊक असते. दंडावरचा बीसीजीचा वण तिच्या म्हणण्याला साक्ष देतो. मांडी मात्र काहीच सांगत नाही, कारण पेंटाव्हॅलंट लसीची सुई मागे खूण ठेवीत नाही.

बालकांच्या लसीकरणावर सरकार खर्च करते असे आपण म्हणतो, तेव्हा सामान्यतः आपल्या डोळ्यांसमोर कुपीची किंमत असते. वास्तविक कुपी ही त्या जमाखर्चातील सर्वांत सुटसुटीत बाब. खरा व्याप तिच्या वाटखर्चाचा, आणि ही गोष्ट इंग्रजी अमदानीतील कारभाऱ्यांना फार लवकर उमगली होती. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातली पहिली; त्यानंतर पाव शतकातच, 1827 च्या सुमारास, लोक आपण होऊन दवाखान्याची पायरी चढतील ही आशा सोडून मुंबई इलाख्याने देवी काढणाऱ्यांनाच गावोगाव फिरतीवर धाडण्याची व्यवस्था केली, आणि तिला पुढे 'मुंबई पद्धत' हेच नाव पडले. इलाख्याच्या जुन्या जिल्हा-गॅझेटियरांत या खात्याच्या खर्चाचा तपशील मिळतो, आणि तो मोठा बोलका आहे: देखरेखीचा खर्च प्रांतिक सरकारच्या तिजोरीतून, फिरत्या माणसाचा मुशाहिरा लोकल फंडातून व नगरपालिकांकडून, आणि शेवटी दर यशस्वी टोचणीमागे किती पडले त्याचा चोख हिशेब. लोकल फंड म्हणजे शेतसाऱ्याच्या रुपयामागे आकारलेला एक आणा. म्हणजे साहेबाच्या देखरेखीचे पैसे सरकार देई, आणि देवी डॉक्टराच्या पायपिटीचे पैसे ज्याच्या पोराचा दंड टोचायचा त्या कुणब्याकडूनच वसूल होत. न्याय-अन्यायाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी पायपिटीला हिशेबात स्वतंत्र रकाना होता, हे मान्य केले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात वाटणी बदलली. 1978 मध्ये विस्तारित लसीकरणाचा कार्यक्रम आला, 1985 मध्ये त्याला सार्वत्रिक लसीकरणाचे रूप मिळाले, आणि 1990 पर्यंत तो देशातील सर्व जिल्ह्यांत पोहोचला. आजची रीत अशी की, लस केंद्र सरकार विकत घेऊन राज्यांना पुरविते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होणाऱ्या बाकीच्या खर्चात केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी, ग्रामीण भागापुरती, 1962 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे. जगातील अनेक गरीब राष्ट्रांना एवढेही साधत नाही. त्यांच्यासाठी 2000 साली 'गावी' नावाची आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली; तिचा दंडक असा की, देशाचे दरडोई उत्पन्न वाढत जाईल तसा त्याने लसीच्या किमतीतला आपला वाटा वाढवावा आणि यथावकाश मदतीतून बाहेर पडावे. पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाप्रतिबंधक अशा नव्या व महाग लसी आणताना भारतानेही या आघाडीचे साहाय्य घेतले, आणि 2020 साली तिलाच दीड कोटी डॉलर देण्याचे वचनही दिले. घेणारा आणि देणारा अशा दोन्ही वह्यांत एकाच देशाचे नाव असावे, हे दृश्य सुखद खरेच; पण 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेने या आघाडीतून हात आखडता घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा परक्याच्या तिजोरीवर विसंबलेल्या देशांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

आपल्याकडे तिजोरी घरची आहे, इतकेच नव्हे तर कारखानाही घरचा आहे. जगातील कितीतरी बालकांना मिळणाऱ्या लसी ज्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतात, ती 1966 साली स्थापन झालेली संस्था याच पुणे जिल्ह्यात, हडपसर-मांजरीला आहे. तेथून बारामतीचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. परंतु लसीचा रस्ता किलोमीटरांनी मोजायचा नसतो. राज्याच्या भांडारातून जिल्ह्याच्या, तेथून आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत आणि तेथून नर्सबाईच्या डब्यात ती सर्वकाळ दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. इंदापूरच्या उन्हाळ्याची भीती कोणालाही कळते. थंडीची भीती मात्र सांगावी लागते. पेंटाव्हॅलंट एकदा गोठली की कायमची निकामी होते. म्हणून डब्यात ठेवायचे चार बर्फाचे पॅक सकाळी आधी बाहेर काढून, हलविल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत तसेच ठेवावे लागतात. कानाशी पॅक धरून ती खळखळ ऐकणारी नर्सबाई पाहिली, की कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारी एक बाब आपल्याला दिसते.

आशाताईचा मोबदला मात्र अंदाजपत्रकात दिसतो: मुलाच्या पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण झाल्या की 100 रुपये, दुसऱ्या वर्षाच्या झाल्या की 75. मोबदला पूर्णतेला आहे, आणि ऊसतोड मजुराच्या मुलाची पूर्णता कोणा एकीच्या वहीत सहजी मावत नाही. दोन डोस मराठवाड्यातल्या उपकेंद्रात, तिसरा नीरेच्या कालव्यावर, आणि गोवर-रुबेलाची वेळ येईतो गाळप संपून टोळी परतलेली. वीटभट्ट्या, पाले आणि कोप्या यांची नोंद जोखमीच्या वस्त्या म्हणून सूक्ष्म नियोजनात करावी असा दंडक आहे, नोंदणीही आता संगणकावर होऊ लागली आहे. तथापि सरकारी पैशाचा स्वभावच असा की तो वस्तीच्या लोकसंख्येवर, म्हणजे बसलेल्या माणसावर, बेतलेला असतो. मैदानी मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, हे त्याचे माप. सहा महिन्यांपुरत्या आलेल्या कोप्यांनी त्या मापात कोठे बसावे? फिरत्या माणसासाठी फिरता कारभार लागतो, ही जुन्या मुंबई इलाख्याची समज नव्या हिशेबात पुरती उतरलेली नाही, असे माझे मत आहे.

आणि तरीही सरकारच्या या हिशेबात औदार्य नाही असे म्हणवत नाही. गोवर-रुबेलाची कुपी सामान्यतः दहा मुलांची असते, आणि द्रावण मिसळून उघडल्यावर ती चार तासांपलीकडे वापरता येत नाही. कोप्यांवर त्या वयाचे एकच मूल सापडले, तर काय करावे? नियम असा की, एकासाठीही कुपी उघडावी. नर्सबाई कुपीवर वेळ लिहिते, आजीच्या मांडीवरच्या पोराचा दंड धरते, सुई टोचते. पोर टाहो फोडते, आजी "झालं, झालं" म्हणत त्याला थोपटते, आणि आशाताई कोऱ्या कार्डावर नाव घालू लागते. गावाचे नाव विचारल्यावर आजी बीडकडच्या गावाचे नाव सांगते. आशाताई ते लिहिते, आणि चार तास उलटल्यावर उरलेल्या नऊ डोसांची नोंद वाया गेलेल्या डोसांच्या रकान्यात होते.