स्मार्टफोन व संगणक यांमधील फाइलींची देवाणघेवाण : अडथळे, कारणे व उपाय
(खानदेशातील बोलीविषयक क्षेत्रकार्याच्या संदर्भात)

बीजशब्द : स्मार्टफोन, ध्वनिमुद्रण, एम.टी.पी., युनिकोड, अहिराणी, जतन.

प्रस्तावना :

बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे खानदेशातील विद्याव्यासंगाचे एक जुने केंद्र होय. १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तर १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालयाची स्थापना झाली. १९५२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली आणि पुन्हा २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले. अशा परिसरातील मराठी, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल आदी विषयांच्या अध्यापकांना आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वृद्धांच्या आठवणी, शिलालेख व जुनी कागदपत्रे यांचा संग्रह करण्यासाठी आज बहुधा एकच साधन हाताशी असते. ते म्हणजे खिशातील स्मार्टफोन.

ध्वनिमुद्रण सुलभ झाले, तरी ते फोनमधून संगणकावर सुरक्षितपणे आणण्याचा टप्पा अजूनही अडचणीचा ठरतो. केबल जोडूनही संगणक फोन ओळखत नाही, ओळखला तर आतील भाग रिकामा दिसतो, प्रत करताना क्रिया मध्येच थांबते किंवा आलेली फाइल उघडत नाही. या अडचणी किरकोळ वाटल्या, तरी त्यांचे परिणाम किरकोळ नसतात. फोन हरवल्यास, बिघडल्यास अथवा त्यातील जागा संपल्यामुळे घाईने फाइली पुसल्या गेल्यास वृद्ध गायिकेच्या कंठातून मिळालेले गाणे कायमचे नाहीसे होऊ शकते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या मौखिक रचना आज उपलब्ध आहेत, कारण सोपानदेव चौधरी व त्यांच्या एका आप्ताने त्या वेळोवेळी कागदावर उतरवून घेतल्या. पुढे १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. जे उतरवून घेतले गेले नाही ते लुप्त झाले. फोनमधील मुद्रण दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेणे, हे त्याच कार्याचे आजचे रूप आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. फोन व संगणक यांच्यातील देवाणघेवाणीची कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२. वारंवार उद्भवणाऱ्या अडथळ्यांची कारणे व उपाय क्रमाने मांडणे.
३. मराठी फाइलींच्या विशेष अडचणींकडे लक्ष वेधणे.
४. संशोधन-सामग्रीच्या पडताळणीची व जतनाची पद्धत सुचविणे.

कार्यपद्धतीचे स्वरूप :

पेन ड्राइव्ह जोडला की संगणक त्यास स्वतंत्र अक्षराची 'ड्राइव्ह' म्हणून स्वीकारतो आणि त्यावर थेट अधिकार मिळवितो. प्रारंभीचे अँड्रॉइड फोनही याच पद्धतीने जोडले जात. मात्र या पद्धतीत संगणक ती साठवण वापरीत असताना फोनला स्वतःची साठवण वापरता येत नसे. त्यामुळे पुढील अँड्रॉइड फोनांमध्ये 'मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल' अर्थात एम.टी.पी. ही पद्धत रूढ झाली. मायक्रोसॉफ्टने विकसित केलेल्या या पद्धतीला २००८ मध्ये यू.एस.बी. मानकात स्थान मिळाले.

या पद्धतीत साठवणीचा ताबा फोनकडेच राहतो. ग्रंथालयाच्या बंद कपाटाची उपमा येथे चपखल ठरावी. वाचक स्वतः कपाट उघडीत नाही, तो चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतो. त्याचप्रमाणे संगणक मागणी करतो व फोन फाइल देतो. फोन कुलूपबंद असेल, त्याने परवानगी दिली नसेल किंवा त्याच्या सूचीत फाइलीची नोंद नसेल, तर संगणकाला ती मिळत नाही. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

अडथळे व उपाय :

(अ) संगणक फोन ओळखत नाही. प्रथम केबल तपासावी. यू.एस.बी. केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारा व माहिती वाहणाऱ्या तारा वेगळ्या असतात. काही स्वस्त केबलींत केवळ विजेच्या तारा असतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, परंतु माहितीची देवाणघेवाण होऊ शकत नाही. म्हणून 'चार्जिंग होते, म्हणजे केबल ठीक आहे' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. दुसरी केबल वापरूनही फरक न पडल्यास संगणकाचे दुसरे पोर्ट वापरावे आणि मध्ये हब असल्यास तो काढावा. फोनच्या पोर्टमध्ये साचलेली धूळ किंवा कापसाचे तंतू यांमुळेही जोडणी सैल होते. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने ती अलगद काढावी, धातूची टाचणी वापरू नये.

याच केबलने दुसरा फोन जोडला जात असेल, तर दोष केबलचा वा पोर्टचा नाही असे समजावे. अशा वेळी विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये फोनच्या नोंदीवर पिवळे चिन्ह आहे का ते पाहावे. असल्यास ती नोंद काढून टाकून केबल पुन्हा जोडावी, म्हणजे आवश्यक ड्रायव्हर पुन्हा बसविला जातो. नावात 'एन' हे अक्षर असलेल्या विंडोजच्या आवृत्तीत 'मीडिया फीचर पॅक' वेगळा बसवावा लागतो, अन्यथा एम.टी.पी. चालत नाही. ॲपलच्या मॅक संगणकात अँड्रॉइडसाठी एम.टी.पी.ची अंतर्भूत सोय नसल्याने स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्यावे लागते.

(आ) फोन दिसतो, परंतु तो रिकामा भासतो. २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून फोन जोडल्यावर मूळ स्थिती 'केवळ चार्जिंग' अशी असते. ही सुरक्षिततेसाठी केलेली योजना आहे. फोनचे कुलूप उघडावे, वरची सूचनापट्टी खाली ओढावी आणि यू.एस.बी.च्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. आयफोनच्या बाबतीत 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का?' अशा अर्थाच्या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. शिवाय विंडोजच्या फोल्डरमध्ये आयफोनची केवळ छायाचित्रे व चित्रफिती दिसतात. त्याच्या 'व्हॉइस मेमो'मधील ध्वनिमुद्रणे तेथे दिसत नाहीत. ती आधी 'फाइल्स' या ॲपमध्ये जतन करून अन्य मार्गाने संगणकावर न्यावी लागतात. मुद्रण हरवले असा समज होण्यापूर्वी ही बाब लक्षात घ्यावी.

कधी कधी नुकतेच केलेले मुद्रण फोनमध्ये ऐकू येते, पण संगणकावर दिसत नाही. फोनच्या सूचीत त्याची नोंद अद्याप झालेली नसते, हे त्याचे कारण होय. फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यास सूची नव्याने तयार होते.

(इ) प्रत करण्याची क्रिया मध्येच थांबते. एकाच वेळी शेकडो फाइली निवडणे, फोनचा पडदा बंद होणे, बॅटरी-बचत सुरू असणे ही याची सामान्य कारणे होत. फाइली लहान गटांत न्याव्यात आणि तोपर्यंत फोनचा पडदा चालू ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'कट' न करता नेहमी 'कॉपी' करावी. स्थानांतर अर्ध्यावर तुटले, तरी मूळ फाइल अशा वेळी फोनमध्ये शाबूत राहते.

लहान फाइली जातात आणि मोठी चित्रफीत मात्र अडते, असे घडल्यास ज्या ठिकाणी ती ठेवायची आहे त्या पेन ड्राइव्हचे स्वरूपण पाहावे. 'फॅट३२' या स्वरूपात ४ जी.बी.हून मोठी फाइल मावत नाही, मग पेन ड्राइव्हमध्ये कितीही जागा शिल्लक असो. त्यावरील माहिती अन्यत्र हलवून तो 'एक्सफॅट' स्वरूपात आणल्यास ही मर्यादा दूर होते.

(ई) फाइल पोहोचते, परंतु उघडत नाही. येथे स्थानांतराचा दोष व स्वरूपाचा दोष यांत भेद करणे आवश्यक आहे. अनेक फोन ध्वनिमुद्रण 'एम४ए' स्वरूपात साठवितात. ध्वनिविश्लेषणासाठी भाषाभ्यासक वापरीत असलेल्या 'प्राट' या सॉफ्टवेअरमध्ये ते थेट उघडत नाही. त्यासाठी 'वेव्ह' स्वरूपातील प्रत तयार करावी लागते. तथापि या रूपांतराने मुद्रणाचा दर्जा वाढत नाही. संक्षेपात गमावलेला ध्वनी परत येत नसल्याने, शक्य असल्यास मूळ मुद्रणच 'वेव्ह' स्वरूपात करणे हितावह ठरते. आयफोनची 'एच.ई.आय.सी.' छायाचित्रेही जुन्या संगणकावर उघडत नाहीत. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय उपलब्ध आहे.

मराठी फाइलींचे विशेष प्रश्न :

संगणकावर टंकलिखित केलेला शोधनिबंध फोनवर उघडला असता रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसते, हा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे. येथे फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर रोमन वा तत्सम चिन्हांच्या संकेतांनी साठविला जातो व फाँट त्यास केवळ देवनागरीचे रूप देतो. फोनमध्ये तो फाँट नसल्याने मूळ संकेतच उघडे पडतात. पुन्हापुन्हा प्रत करणे हा यावरचा उपाय नव्हे. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आणि केवळ वाचनासाठी पाठवायचा असल्यास पी.डी.एफ. करणे, हाच मार्ग होय.

दुसरा प्रश्न फाइलीच्या नावाचा आहे. अँड्रॉइड फोनमध्ये फाइलीच्या नावास साधारणतः २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही चिन्हेही स्वतंत्रपणे मोजली जातात. परिणामी मराठी नाव सुमारे ८५ चिन्हांतच संपते. शोधनिबंधाचे संपूर्ण शीर्षक फाइलीला दिल्यास विंडोजवर चालणारे नाव फोनवर नाकारले जाण्याची शक्यता असते. याउलट फोनवर दिलेल्या नावात प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ वा विसर्गाऐवजी अपूर्णविराम आला, तर विंडोज ते स्वीकारीत नाही. म्हणून नाव आटोपशीर ठेवून त्यात दिनांक, गाव व क्रमांक एवढेच द्यावे. गायिकेचे नाव, वय, गाण्याचा प्रसंग व संमती यांची नोंद वेगळ्या तक्त्यात करावी.

बिनतारी मार्गांची मर्यादा :

केबल अयशस्वी ठरल्यास अनेक जण ब्लूटूथ अथवा व्हॉट्सॲपकडे वळतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, द्विमार्गी 'वेव्ह' स्वरूपातील एका तासाचे मुद्रण सुमारे ६३५ एम.बी. भरते. यू.एस.बी. २.० चा सैद्धांतिक वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात सेकंदाला ३० एम.बी. मिळाले, तरी हे मुद्रण अर्ध्या मिनिटाच्या आत पोहोचते. ब्लूटूथवर सेकंदाला पाव एम.बी. वेग धरल्यास त्याच मुद्रणास चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास त्याचा दर्जा घटतो व छायाचित्रासोबतची स्थळ-काळाची मूळ नोंदही गळून पडते. पाठवायचेच झाल्यास ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. फोन व संगणक एकाच वाय-फायवर असल्यास 'क्विक शेअर' ही सुविधा अधिक उपयुक्त ठरते. २०२४ पर्यंत ती 'निअरबाय शेअर' या नावाने ओळखली जात होती.

पडताळणी व जतन :

संगणकावर फाइलीचे नाव दिसणे म्हणजे फाइल सुरक्षित पोहोचणे नव्हे. दोन्हीकडील आकार बाइटमध्ये ताडून पाहावा आणि मुद्रण आरंभी, मध्ये व शेवटी ऐकावे. पुढे संगणकावरून अन्य डिस्कवर प्रत करताना 'एसएचए-२५६' या पद्धतीने दोन्ही प्रतींचा ६४ चिन्हांचा संकेतांक काढावा. फाइलीत एका बिटाचा फरक असला, तरी संकेतांक बदलतो. विंडोजमधील 'सर्टयुटिल' या अंतर्भूत आज्ञेने तो काढता येतो. किमान तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा जतनाचा सर्वमान्य संकेत पाळावा. त्यानंतरच फोनमधील मूळ फाइल पुसावी.

निष्कर्ष :

१. जोडणीच्या अडचणीत केबल, पोर्ट, फोनचे कुलूप, 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय व ड्रायव्हर या क्रमाने तपासणी केल्यास श्रम व वेळ वाचतो.
२. स्थानांतराचा दोष, स्वरूपाचा दोष व फाँटचा दोष हे तीन भिन्न दोष असून त्यांचे उपायही भिन्न आहेत.
३. देवनागरी नावे आटोपशीर ठेवणे व युनिकोडचा अवलंब करणे मराठी अभ्यासकांसाठी आवश्यक आहे.
४. पडताळणी होईपर्यंत स्थानांतर पूर्ण झाले असे मानू नये.

समारोप :

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीची नोंद कागदावर झाली. आज तीच बोली प्रत्यक्ष आवाजासह जतन करण्याचे साधन प्रत्येक अध्यापकाच्या व विद्यार्थ्याच्या हाती आहे. क्षेत्रभेटीहून परतल्यावर त्याच दिवशी मुद्रण उतरवून, पडताळून ठेवण्याची शिस्त महाविद्यालयीन प्रकल्पांच्या कार्यपद्धतीत समाविष्ट व्हावयास हवी. आखाजीला झोक्यावर गायिलेले गाणे पुढील वर्षी त्याच कंठातून पुन्हा ऐकावयास मिळेलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.