मागील दंतचक्र (एकगती सायकल)

मागील दंतचक्र हे सायकलच्या मागील चाकाच्या हबवर बसवलेले, चेनकडून मिळालेली गती चाकाला देणारे दातेरी चक्र होय. एकगती सायकलमध्ये, म्हणजेच गिअर बदलण्याची सोय नसलेल्या सायकलमध्ये, पुढे एक चेनव्हील व मागे एकच दंतचक्र असते. त्यामुळे मागील चक्राच्या दात्यांची संख्या ही सायकल चालवण्यास जड जाईल की हलकी, हे ठरवणाऱ्या मुख्य बाबींपैकी एक आहे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी तयार केलेल्या 'रोव्हर' सायकलीत मागील चाक चेनने फिरवले जात असे. आजच्या साध्या सायकलीची मूळ रचना तीच आहे.

प्रकार

एकगती सायकलींमध्ये मागील दंतचक्राचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात.

फ्रीव्हील: यात दाते असलेल्या बाह्य कड्याच्या आत स्प्रिंगवर टेकलेले खटके असतात. पेडल थांबवले तरी चाक मोकळे फिरत राहते. भारतातील साध्या सायकलींत हा प्रकार सर्रास आढळतो.

स्थिर चक्र: हे हबला पक्के जोडलेले असल्याने चाक फिरते तोवर पेडलही फिरते. पेडलवर मागे दाब देताना चक्र सुटू नये म्हणून त्याला उलट्या आट्यांच्या कड्याने अडवतात.

पेडलब्रेकच्या हबवरील चक्र: हे बहुधा तीन खोबणींत बसते व स्प्रिंगच्या कड्याने धरलेले असते.

हे प्रकार सहसा एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. म्हणून बदली चक्र निवडताना प्रथम हबचा प्रकार पाहावा लागतो. स्थिर चक्र फ्रीव्हीलच्या हबवर फिरवून बसते, परंतु तेथे अडवणारे कडे नसल्याने मागे दाब देताच ते सुटू शकते.

आटे आणि चेनची रुंदी

फ्रीव्हीलच्या आट्यांचे प्रचलित माप १.३७५ इंच व्यास आणि दर इंचास २४ आटे असे आहे. जुन्या फ्रेंच सायकलींत ३४.७ मिमी व्यास व १ मिमी अंतराचे आटे असत. माप न जुळणारे फ्रीव्हील बळाने बसवल्यास हबचे आटे खराब होतात.

सायकलच्या चेनमध्ये लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच (१२.७ मिमी) असते. रुंदी मात्र वेगवेगळी असते: एकगती सायकलची चेन बहुधा १/८ इंची, तर गिअरच्या सायकलींची ३/३२ इंची किंवा त्याहून अरुंद असते. १/८ इंची चक्रावर ३/३२ इंची चेन बसत नाही. याउलट ३/३२ इंची चक्रावर १/८ इंची चेन चालू शकते.

दात्यांची संख्या

चेनव्हीलच्या दात्यांना मागील चक्राच्या दात्यांनी भागल्यास पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे किती फेरे होतात, ते कळते. चेनव्हील ४४ दात्यांचे व चाकाचा व्यास २८ इंच धरल्यास १८ दात्यांच्या चक्रावर सायकल एका फेऱ्यात सुमारे ५.४६ मीटर पुढे जाते. १६ दात्यांवर हे अंतर सुमारे ६.१४ मीटर, तर २० दात्यांवर सुमारे ४.९२ मीटर होते. मागे दाते जितके कमी, तितकी सायकल जड व वेगवान. दाते जितके जास्त, तितका चढ व ओझे सुसह्य, मात्र सपाट रस्त्यावर पाय अधिक वेळा फिरवावे लागतात.

चेन तीच ठेवून एक दाता वाढवल्यास तिचा ताण कायम राखण्यासाठी मागील एक्सल सुमारे ३.२ मिमी पुढे घ्यावा लागतो. दाता कमी केल्यास तितकाच मागे. एक्सलच्या खाचेत तेवढी जागा नसल्यास चेनची लांबी बदलावी लागते. चेनमध्ये आतील व बाहेरील कड्या आळीपाळीने येत असल्याने लांबी सामान्यतः एक इंचाच्या पटीतच बदलता येते.

झीज

नव्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. हे माप १/१६ इंचाने वाढल्यास चेन बदलणे योग्य ठरते. वाढ १/८ इंचापर्यंत गेली असेल, तर दंतचक्रही झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते. झिजलेले दाते एका बाजूस झुकून आकड्यासारखे दिसतात. अशा चक्रावर नवी चेन चढवल्यास ती जोर देताच दात्यांवरून घसरते. चालक पेडलवर उभा राहून चढ चढत असताना असे झाल्यास तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

बसवणे

पेडल मारताना फ्रीव्हील आपोआप घट्ट होत जाते. म्हणून ते काढण्यास त्याच्या खाचांत बसणारा विशिष्ट पाना व बराच जोर लागतो. चाकाचे आरे काढण्यापूर्वीच फ्रीव्हील काढावे लागते, कारण सुट्या हबला पुरेसे घट्ट धरता येत नाही. नवे चक्र बसवण्यापूर्वी आटे स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावतात.

चेनव्हील व मागील चक्र एकाच सरळ रेषेत असणे आवश्यक असते. ती रेषा चुकल्यास किंवा चेन सैल राहिल्यास चेन आवाज करते, लवकर झिजते व पडते. पेडलब्रेकच्या सायकलीत चेन पडताच मागचा ब्रेकही निकामी होतो. त्यामुळे अशा सायकलीला पुढील चाकाचा स्वतंत्र ब्रेक असणे हितावह ठरते.